वाटसरूचे पाणी

तुटपुंज्या पैशांत, एकट्याने, आगगाडीने जर्मन भाषिक शहरे पाहणाऱ्याला पहिला आधार पाण्याचा. झुरिकमध्ये पिण्याच्या पाण्याची बाराशेच्या आसपास सार्वजनिक कारंजी आहेत. व्हिएन्नाला १८७३ पासून डोंगरातील झऱ्यांचे पाणी येते. तेथे बाटली भरताना आज कोणी कुळ विचारीत नाही. मात्र त्याच व्हिएन्नात १९३८ साली बागेतल्या बाकावर बसण्याची ज्यू माणसाला मनाई झाली होती.

वीर स्थानकावर उतरून एस.टी.ने महाडमार्गे पोलादपूरला जाताना आम्ही चवदार तळ्यापाशी थबकतो. १९०१ साली भावासह मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या आंबेडकरांना, जात कळल्यामुळे, रात्रभर वाटेत पाणी मिळाले नव्हते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १९३७ उजाडले.

ठरावाने तळे खुले होते, मन होत नाही. दारी आलेल्या एकट्या वाटसरूला तांब्या देण्याआधी आम्हीही आडनाव विचारले आहे. ती तहान आमच्या हिशेबी अजून उभी आहे.