वक्त्याचा विषय आणि वत्सगुल्मची कथा

वक्तृत्व मंडळाच्या पुढच्या बैठकीत कशावर बोलावे हा प्रश्न सहसा व्यावहारिक मानला जातो आणि विषयांची तयार यादी हाती देऊन तो मिटवलाही जातो. परंतु त्याच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे, तो असा की विषय वक्त्याच्या आधीच जगात सिद्ध असतो आणि वक्ता तो केवळ उचलतो, की वक्त्याचे एखाद्या गोष्टीशी नाते जुळल्याखेरीज तिला विषयाचे रूपच येत नाही. या प्रश्नाचा ऊहापोह करणाऱ्या एका महत्त्वाच्या संस्कृत ग्रंथातील मध्यवर्ती कथा आजच्या वाशीम शहरात येऊन संपते.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा इसवी सनाच्या चौथ्या शतकातील राजा स्वतः कवी होता आणि ‘हरिविजय’ हे आज लुप्त झालेले प्राकृत काव्य त्याच्या नावावर आहे. पुढे इसवी सन 900 च्या आसपास कनौजच्या प्रतिहार दरबारातील राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. या ग्रंथात सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आईच्या मागे जाऊ न दिल्याने रुसून निघून जातो आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तिच्याविषयी त्याला ओढ वाटत नाही, तेव्हा त्याची भाषा लांबलचक समासांनी आणि अनुप्रासांनी लदलेली असते. पांचालात मन थोडे वळते तशी ती थोडी सैल होते. आणि दक्षिणेत तो पुरता तिचा होतो तेव्हा त्याच्या तोंडी समासरहित, प्रसन्न अशी वैदर्भी रीती येते, म्हणजे विदर्भाच्या नावाने ओळखली जाणारी रचनाशैली. दोघांचा विवाह वत्सगुल्म नगरात होतो.

ही कथा रीतींची उपपत्ती सांगण्यासाठी रचलेली आहे, हे उघड आहे. तरीही वक्तृत्वाच्या दृष्टीने तिच्यातला क्रम विचार करण्याजोगा आहे, कारण येथे अलंकारांचा भार हा नाते न जुळल्याचा परिणाम म्हणून दाखवला आहे. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ या ठरीव संबोधनाने सुरू होऊन सुविचार, शेर आणि टाळ्यांच्या जागा यांच्या आधारे सात मिनिटे भरून काढणारे शालेय भाषण ज्यांनी ऐकले आहे, त्यांना काव्यपुरुषाची पूर्वेकडील अवस्था ओळखायला वेळ लागणार नाही. तेथे मुलाची बुद्धी कमी पडत नाही. विषय त्याच्या गळ्यात बांधलेला असतो, एवढेच.

विषय कोठून मिळतात, याचीही गणना राजशेखर करतो. पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या बारा अर्थयोनी, म्हणजे काव्यार्थाची उगमस्थाने, तो देतो: श्रुती, स्मृती, इतिहास, पुराण, तर्कशास्त्रासारख्या प्रमाणविद्या, पंथोपपंथांचे सिद्धांत, राजनीती, लोकव्यवहार, कवीची स्वतःची कल्पना इत्यादी. त्यात तो स्वतःच्या चार भरीस घालतो, आणि या चारही दोन गोष्टींची जोडणी कशी होते याविषयीच्या आहेत, हे लक्षणीय आहे. सर्वसेनाचे उदाहरण येथे लागू पडते. ‘हरिविजय’चा विषय असलेली पारिजातहरणाची कथा त्याच्या आधीपासून सर्वांच्या परिचयाची होती. तरीही आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ ग्रंथात, मूळ कथानक रसाला अनुकूल असे बदलून घेणाऱ्या रचनांमध्ये कालिदासाबरोबर ‘हरिविजय’चा उल्लेख केला आहे. विषय जुना असणे हा दोष नव्हे, मग तो शिवजयंतीचा असो वा सावित्रीबाईंचा. दुसऱ्याची मांडणी जशीच्या तशी उचलणे हा मात्र दोष आहे, आणि राजशेखराने अशा उचलेगिरीवर काही अध्याय खर्ची घालून केवळ शब्द बदललेल्या अर्थाला प्रतिबिंबकल्प, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखा, असे म्हणून तो त्याज्य ठरवला आहे. (पाठ केलेल्या ‘नमुना भाषणां’साठी वेगळी संज्ञा शोधण्याची गरज नाही.)

वेदान्ताने हाच मुद्दा अधिक काटेकोरपणे मांडला आहे. ग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय, म्हणजे विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही चार अंगे, स्पष्ट करावी असा दंडक आहे. त्यातला संबंध हा शास्त्रार्थाने ग्रंथ आणि त्याचा विषय यांच्यातला, आणि अधिकारी म्हणजे तो ग्रंथ शिकण्यास योग्य झालेला जिज्ञासू. ही दोन्ही अंगे वक्त्याला लावणे हा अर्थाचा विस्तार आहे, पण तो गैरवाजवी नाही. वक्तृत्वस्पर्धेची पत्रके चारांपैकी विषय तेवढा छापतात, प्रयोजन पारितोषिकाच्या रकमेने सांगतात आणि उरलेल्या दोहोंबद्दल मौन पाळतात. कीर्तनपरंपरेने ही चूक केली नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपणासाठी अभंग घेतला जातो आणि उत्तररंगात आख्यान लावले जाते. अभंग संतांचा आणि आख्यान पुराणाचे असले, तरी या दोहोंना जोडणारा धागा कीर्तनकाराने स्वतः काढावा लागतो, आणि श्रोते त्याची परीक्षा त्याच ठिकाणी करतात.

वादविवाद स्पर्धेचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे बाजू चिठ्ठीने मिळते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: तत्त्व जाणण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणारी वितंडा. ‘विज्ञान: शाप की वरदान’ ही स्पर्धा स्वभावतः जल्प आहे. न्यायशास्त्र जल्पाला सरसकट निषिद्ध मानत नाही, रोपाभोवतीच्या काटेरी कुंपणासारखा त्याचा उपयोग ते मान्य करते. मात्र कुंपणच शेत समजले गेले की पंधरा वर्षांचा वक्ता कोणतीही बाजू सारख्याच आवेशाने मांडू लागतो आणि त्यालाच प्रावीण्य म्हटले जाते.

वाशीम जिल्ह्यातील वक्त्याला या साच्याबाहेरचे विषय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, आणि तेथील सेवालाल महाराजांची परंपरा मुख्यतः गोरबोलीत, मौखिक रूपाने टिकली आहे; तांड्यावरच्या विद्यार्थ्याला ती प्रमाण मराठीत व्यासपीठावर आणताना काय गमवावे लागते, हा धर्माचा आणि भाषेचाही प्रश्न आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते आणि जैन भट्टारकांच्या पीठांमुळेही ते ज्ञात आहे. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर असून त्याच्या अधिकारावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथीयांत दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला आहे. वस्तूला अनंत धर्म असतात आणि कोणतेही विधान एका अपेक्षेनेच खरे असते, असे सांगणारा अनेकान्तवाद दोन्ही पंथांना सारखाच मान्य आहे. ज्याला दोन्ही बाजूंची माणसे नावानिशी माहीत आहेत अशा वक्त्याने हा विषय घेतला, तर ‘शाप की वरदान’ या घाटात तो बसणार नाही, आणि परीक्षकांच्या तक्त्यातील उच्चार, हावभाव, वेळेचे भान या रकान्यांत त्याला गुण कोठे द्यायचे हे त्यांना तेथल्या तेथे ठरवावे लागेल.