चाळीसगावचा टांगा



बोदवडहून मुंबईकडे जाताना चाळीसगाव लागते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून १९२९ साली परमपूज्य बाबासाहेब खानदेशात आले. चाळीसगावच्या आपल्या बांधवांनी मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनावर स्वागताला माणसे हजर, पण तासभर टांगाच येईना. महाराला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. अखेर टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. ज्याने जन्मात टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस पुढे बसला. नदीच्या मोरीवर टांगा धडकला. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि गाडी नदीत गेली.

ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तीतली एक गोष्ट मला फार बोचते. आपल्या माणसांनी टांगेवाल्याचे मन पुरते ओळखले होते, म्हणून तर त्याला वगळून वाट काढली. खालच्याला वरच्याची जितकी जाण असते तितकी वरच्याला खालच्याची नसते. येसकराला पाटलाच्या वाड्यातले रागलोभ कळत. न कळून भागतच नसे, भाकर त्यावर होती. पाटलाला महारवाड्यातले काय कळत होते? अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनी १९०३ साली एक दुखणे सांगितले: आपला माणूस स्वतःकडेही गोऱ्यांच्या डोळ्यांनी पाहू लागतो. दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवणारे पत्र बाबासाहेबांनी त्यांना १९४६ साली लिहिले होते.

चाळीसगावातही तेच झाले. महारवाडा चालत जाण्याइतका जवळ होता. पण पाहुण्याला पायी नेणे कमीपणाचे वाटले. मान टांग्यात बसण्यात, हे माप कोणाचे? ज्यांनी आपल्याला हिणवले त्यांचेच. प्रेमापोटी झाले ते. त्यांना दोष देणे मला जमत नाही.

परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. वरच्यांना ओळखण्यात आपण पिढ्या घालवल्या, पण ती ओळख अंग वाचवण्यात खर्ची पडली. त्यांची मापे पारखायला फार थोडी वापरली. आजही भिंतीवर बावीस प्रतिज्ञा असतात, आणि त्याच घरातले कोणी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त हळूच विचारून येते. का, तर चारचौघांत बरे दिसते!

ज्यांच्या घरी ऐंशी ओलांडलेले कोणी असेल त्यांनी पुढच्या पौर्णिमेला त्यांना विहारात आणावे. गावकी करताना गाव त्यांनी कसे ओळखले, ते त्यांच्याच तोंडून ऐकू.