प्रतिस्पर्धी पाहुणा

पाहुणाच प्रतिस्पर्धी असेल, तर यजमानाचा धर्म कोणता?

अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्याने हा प्रश्न थेट टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणून ठेवला. जुन्या स्थानिक कंपन्यांनी नवख्यांची यंत्रे आपल्या इमारतीत ठेवू द्यावीत; मात्र जोडणीसाठी आवश्यक असतील तेवढीच, आणि रीतसर मोबदला घेऊन. तत्त्वज्ञ कांटने १७९५ मध्ये परक्याला शत्रू न समजले जाण्याचा हक्क दिला होता, घरात मुक्कामाचा नव्हे. कायदा त्याच्याही पुढे गेला. (कांटला ते रुचले असते का, शंकाच आहे.)

इंटरनेटवरून फोन देणाऱ्या व्होनेजला तर खोलीही नको होती, फक्त तारेवरून वाट हवी होती. मॅडिसन रिव्हर या टेलिफोन कंपनीने तीच अडवल्याचा आरोप झाला. २००५ मध्ये १५,००० डॉलर भरून प्रकरण मिटले. एवढ्या अडवणुकीला ही रक्कम फारच किरकोळ होती.