ताजेपणाची मुदत

पुण्यासारख्या शहरात अलीकडे अशी एक वस्तू घरी येऊ लागली आहे की जिच्यासंबंधी दर्शनशास्त्राच्या परिभाषेत बोलणे पुष्कळांना औचित्यभंगाचे वाटेल. ती म्हणजे मायक्रोब्रुअरीच्या नळावरून थेट तपकिरी काचेच्या बाटलीत भरून दिलेली ताजी बियर. या बाटलीला ग्राउलर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मजूर गुत्त्यावरून पत्र्याच्या डब्यात बियर घरी नेत, त्या डब्याचे हे नाव. अर्ध्या गॅलनच्या, म्हणजे सुमारे 1.9 लिटरच्या काचेच्या बाटलीला ते चिकटले ते 1989 च्या सुमारास, वायोमिंग संस्थानातील एका लहानशा ब्रुअरीच्या प्रयत्नाने. आपल्याकडे तिच्याबरोबर सरकारी परवानाही बाळगावा लागतो, कारण 1949 चा दारूबंदी कायदा दप्तरातून अद्याप गेलेला नाही. आणि त्या परवान्यात आरोग्यरक्षणाचा जो हेतू नमूद असतो तो वाचून अबकारी खात्याच्या विनोदबुद्धीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु मला विचार करावासा वाटतो तो बाटली नेणाराच्या प्रश्नाचा. नळाखाली पेला धरला असता जी चव जिभेवर आली, तीच उद्या रात्री घरी मिळेल काय, आणि मिळावी म्हणून काय करावे, असे तो विचारतो. हा प्रश्न वरवर कोठीघरातला दिसतो. पण ज्या वस्तूचा स्वभावच पालटण्याचा आहे तिच्या एका अवस्थेवर माणसाला ताबा सांगता येतो किंवा नाही, हा जो प्रश्न आपल्या सर्व दर्शनकारांनी आपापल्या परीने हाताळला, तोच येथे दोन लिटरच्या काचेत उभा आहे.

बाटली भरणारा जाणता असेल तर तो प्रथम तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायू सोडून आतली हवा बाहेर घालवतो. मग नळाला जोडलेली लांब नळी बाटलीच्या बुडापर्यंत नेऊन बियर खालून वर चढू देतो, जेणेकरून ती खळाळणार नाही. आणि फेस तोंडाशी येऊन काठावरून ओघळू लागला की त्या फेसावरच झाकण घट्ट आवळतो, कारण झाकणाखाली फेस असला म्हणजे तेथे हवेला जागा उरत नाही. ही सारी खटपट प्राणवायूविरुद्ध आहे. ज्या प्राणवायूवाचून पिणारा क्षणभर जगू शकत नाही, तोच बियरमध्ये शिरला की हॉप्सचा सुगंध प्रथम मावळतो आणि पुढे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी एक मलूल चव तिला येते. दुसरा शत्रू प्रकाश: हॉप्समधील कडू द्रव्ये त्याच्या योगाने फुटतात आणि गंधकयुक्त दुर्गंधी निर्माण होते, बाटली तपकिरी असते ती एवढ्यासाठी. तिसरा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी चढले की बिघाडाच्या बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग दुपटीने-तिपटीने वाढतो. म्हणून बाटली फ्रिजच्या दारात न ठेवता आत, मागच्या बाजूला, उभी ठेवावी. एवढे सांभाळले तर न उघडलेली बाटली आठवडाभर तग धरते. उघडली की मात्र दीड-दोन दिवसांत तिची रया जाते, कारण उरलेल्या पोकळीत हवा येऊन बसते आणि विरघळलेला वायू वर निघून जातो.

आता यात ‘राखले’ ते नेमके काय? सांख्यांचे म्हणणे असे की प्रकृती क्षणभरही परिणामावाचून राहत नाही. जेथे आपल्याला काहीच घडत नाही असे वाटते तेथेही सदृश परिणाम चाललेला असतो, म्हणजे वस्तू पालटून पुन्हा आपल्यासारखीच होत असते, आणि विसदृश परिणाम सुरू झाला की मगच आपण ‘बिघडले’ म्हणून ओरडतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात जुन्या झालेल्या वस्त्राचा दाखला आहे: जीर्णता शेवटी एकदम दृष्टीस पडते, पण क्षणाक्षणाच्या क्रमातून गेल्यावाचून ती शेवटी आलीच नसती. शिळेपणाचे याहून अचूक वर्णन मला ठाऊक नाही. शनिवारी रात्री जी बियर ‘उतरलेली’ लागते ती शनिवारी उतरलेली नसते. झाकण आवळल्या क्षणापासून ती उतरत होती, आणि फ्रिजने केले ते एवढेच की तो क्रम मंदावून आपल्या जिभेच्या जाणिवेच्या अलीकडे काही दिवस धरून ठेवला. काळाकडून सूट कोणालाच मिळत नाही, मुदत तेवढी वाढवून मिळते.

यावर क्षणिकवादी बौद्ध म्हणेल की, मग ताजेपणा हा शब्दच टाकून द्या. वाहत्या प्रवाहात अमुक एक बिंदू ताजा आणि पुढचा शिळा हे ठरवणारे तुम्ही कोण? हा आक्षेप जड आहे, आणि नुसत्या रसायनशास्त्राने तो सुटत नाही. त्याचे उत्तर मला यज्ञकांडात सापडते. (सुरापानाला महापातकांत गणणाऱ्या परंपरेकडून मी येथे पिण्याची परवानगी मागत नाही, तिने काळाचा जो सूक्ष्म हिशेब ठेवला तेवढाच उसना घेतो.) सोमयागात सोम सकाळी, माध्यान्ही आणि तिसऱ्या प्रहरी असा तीनदा कुटून पिळला जाई आणि त्या त्या सवनातच त्याचा होम व भक्षण होई, आंबण्याइतका अवकाश त्याला मिळतच नसे. उलट सौत्रामणी यागातील सुरा मोड आणलेले भात व जव, लाह्या आणि किण्वद्रव्य यांपासून सिद्ध होई, आणि ती तीन रात्री मुरावी लागे. एकाच श्रौतव्यवस्थेत एका पेयाला विलंब वर्ज्य आणि दुसऱ्याला विलंब आवश्यक! बियरही अशीच मोड आणलेल्या जवांची. ती टाकीत काही आठवडे स्वस्थ पडून राहते तेव्हा तो काळ तिला घडवतो, आणि बाटलीत गेल्यावर तोच काळ तिला मोडू लागतो. काळ एकच, मध्ये फक्त करणाराचा संकल्प पुरा झालेला असतो. तेव्हा ताजेपणाचा बिंदू प्रवाहात सापडत नाही हे बौद्धाचे म्हणणे खरे. तो संकल्पात सापडतो.

याच दृष्टीने धर्मशास्त्रातील अन्ननियम वाचावे असे मला वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रहर उलटलेले, रस निघून गेलेले अन्न तामसांना प्रिय म्हटले आहे; जैन आचारात तर ज्याचा रस चळला तो पदार्थ अभक्ष्यच, आणि ऋतूपरत्वे मुदतीही ठरलेल्या. आमचे सुधारक यात जंतुशास्त्राचा पूर्वावतार पाहून समाधान पावतात. ते मला पटत नाही. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय आंबलेले पदार्थ वर्ज्य करतो आणि लगेच दही वगळतो. शिळे निषिद्ध ठरवतो आणि तुपातेलाचे चालवून घेतो. आंबणे आणि नासणे या एकाच जातीच्या दोन क्रियांतला हा विवेक संकल्पाचा आहे. माणसाने योजलेले रूपांतर त्याला चालते, दुर्लक्षातून आलेले चालत नाही.

मग साठवण दोषास्पद का? सर्वस्वी नाही. अतिरात्र यागात एक सोम असा आहे की जो आदल्या दिवशी पिळून रात्रभर राखलेला असतो. त्याला तिरोअह्न्य म्हणतात, आणि पहाटे तो अश्विनीकुमारांना अर्पण होतो. म्हणजे राखण्याला मज्जाव नाही. कोणासाठी आणि कोणत्या वेळेपर्यंत राखायचे हे मात्र आधी ठरलेले असले पाहिजे. ज्याला पुढे काहीच योजलेले नाही, नुसता हातातून जाऊ नये एवढाच हव्यास आहे, त्या साठ्याला मी परिग्रह म्हणेन, मग तो गव्हाचा असो वा बियरचा. नळ घरी नेता येईल, ही मूळ कल्पनाच परिग्रहाची आहे. परवा येणाऱ्या मित्रासाठी आज बाटली आणून थंड जागी ठेवणे ही तशी गोष्ट नव्हे.

म्हणून ज्यांना हा व्यवहार करावयाचाच आहे त्यांनी बाटली आणण्यापूर्वी मंडळी किती आणि कधी जमणार याची निश्चिती करून घ्यावी, झाकणावर भरल्याची तारीख घालून घ्यावी, आणि एकट्यानेच प्यावयाची असेल तर दोन लिटरची न आणता लिटरभराची आणावी.