विकत घेतलेले सत्य

दुसऱ्याच्या पापाची माहिती पैसे मोजून विकत घेण्याचा अधिकार कुणाला आहे काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत तो प्रत्यक्ष उभा राहिला.

त्या महिन्यात तेथील कॅथॉलिक बिशप परिषदेचे सरचिटणीस असलेल्या धर्मगुरूंनी राजीनामा दिला. समलिंगी पुरुषांच्या ओळखीपाळखीसाठी असलेले ॲप ते वापरत असत, असा निष्कर्ष 'द पिलर' या कॅथॉलिक वृत्तपत्रिकेने मोबाईलच्या नोंदींवरून काढला होता. बालकांशी गैरवर्तनाचा पुरावा त्या वृत्तातही नव्हता. त्या नोंदी पोलिसी तपासातून आलेल्या नव्हत्या, बाजारात विकत मिळणाऱ्या होत्या. पुढे मार्च २०२३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने उघड केले, की डेन्व्हर येथील एका कॅथॉलिक संस्थेने अशाच नोंदींसाठी किमान ४० लाख डॉलर खर्च केले होते.

हा बाजार चालतो कसा? मोबाईलला जाहिरातदारांसाठी एक क्रमांक असतो. अनेक ॲप तो क्रमांक, वेळ आणि ठिकाण जाहिरात कंपन्यांकडे पाठवतात. माहितीचे दलाल हे सारे गोळा करून विकतात. नाव नसते, म्हणून व्यवहार 'निनावी' म्हणवला जातो. पण जो फोन रविवारी आपल्या चर्चमध्ये, सोमवारी सकाळी वसई रोड स्थानकावर आणि रोज रात्री एका ठराविक आळीत असतो, तो कुणाचा हे शेजारीणही सांगेल!

कुणी म्हणेल, ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या, मोठ्या पदावरील माणसाचे वर्तन लपून का राहावे? या आक्षेपात बळ आहे. लपवाछपवीची किंमत ख्रिस्तसभेने फार मोजली आहे, आणि ती सर्वात जास्त लेकरांनी मोजली. आम्हीही प्रथम मनातल्या मनात हाच कौल दिला होता. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने खोटा आळ घेण्याबरोबरच, दुसऱ्याचा खरा दोष पुरेशा कारणाशिवाय उघड करणे हाही आठव्या आज्ञेचा भंग मानला आहे. गोष्ट खरी आहे, एवढ्यावर ती सांगण्याचा हक्क मिळत नाही.

आणि येथे कारण तरी कोठून आले? तक्रार असेल तर तक्रारदार समोर असतो, आरोपीला बोलता येते. पापनिवेदनात तर पापी स्वतः चालत येतो, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर कायमची मोहोर असते. या बाजारात आधी जाळे टाकले जाते, मग मासा कोणता ते पाहिले जाते. एक दोषी शोधण्यासाठी ज्यांच्याशी काही देणेघेणे नाही अशा असंख्य माणसांच्या रात्री आणि वाटा विकत घेतल्या जातात. त्यांपैकी कुणालाही कुणी विचारलेले नसते. आमच्या मते खरा अन्याय तेथे आहे, आणि हेतूच्या पावित्र्याने तो भरून निघत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तरी परवा कापडाच्या दुकानात बिलासाठी आमचा मोबाईल क्रमांक मागितला, तेव्हा मागे रांग होती, आम्ही तो मुकाट्याने सांगितला. कशासाठी हवा, हे विचारायचे घरी आल्यावर सुचले.