बागेतला दांडगोबा

शास्त्रवाचन : जखऱ्या ८:४-५, मार्क १०:१३-१६

शहापुरातील शिवाजी उद्यानात संध्याकाळी मुलांची गर्दी असते. मध्यंतरी आम्ही तेथे बसलो असता आमच्याच मंडळीतील साडेतीन वर्षांचा एक मुलगा आरोळ्या मारीत घसरगुंडीच्या पायऱ्या चढला. पुढे एक लहान मुलगी उभी होती. तिला त्याने ढकलले आणि ती रडू लागली. लगेच बाकांवरून आवाज उठले, "कुणाचं हे पोर? आईचं लक्ष कुठं आहे?" आई धावत आली, तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला व त्याला ओढीतच घरी नेले. पुढचे दोन रविवार ती उपासनेला आली नाही. घरी जाऊन विचारले तेव्हा म्हणाली, "पाळकसाहेब, बागेत लाज गेली. आता चर्चमध्येही घालवू का?"

हे शब्द आम्हांला बोचले, कारण बाकावर बसून मान हलविणाऱ्यांत आम्हीही होतो.

जखऱ्या संदेष्ट्याच्या काळी लोक बंदिवासातून परतले होते, पण मंदिराचे काम अजून पुरे झाले नव्हते. अशा वेळी येरुशलेमेच्या भावी कल्याणाचे चित्र त्याने कसे रेखाटले? चौकांत काठी टेकीत बसलेले म्हातारे व म्हाताऱ्या, आणि त्याच चौकांत खेळणाऱ्या मुलामुलींची दाटी. आता मुलांनी चौक भरला म्हणजे गोंगाट आलाच, एखादा धक्काही आला. म्हाताऱ्यांना त्याचा त्रास होईल म्हणून मुलांना दुसरीकडे धाडावे, असे काही संदेष्टा म्हणत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट आठवावी. इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरात टाचण्यांच्या कारखान्यांत राबणारी मुले रविवारी मोकळी सुटत व रस्त्यांवर धुमाकूळ घालीत. शेजारीपाजारी त्रासून जात. रॉबर्ट राइक्स या वृत्तपत्रकाराने १७८० साली बायांना पगार देऊन त्या मुलांसाठी वर्ग उघडला. आपल्या शब्बाथशाळांची परंपरा अशा दांडग्या पोरांपासून वाढली आहे!

तरी आरडाओरडा निराळा व ढकलणे निराळे. पहिल्यात पाप नाही. दुसऱ्याने मात्र एका लहानीला लागले, आणि तीही प्रभूच्या लहानांपैकीच आहे. तिच्या आईचा राग आम्ही खोटा म्हणणार नाही. परंतु साडेतीन वर्षांच्या मुलाला वाट पाहणे फार जड जाते. शब्द सुचण्याआधी त्याचा हात पुढे जातो. तेव्हा प्रथम पडलेल्या मुलीला उचलावे. मग मुलासमोर खाली बसून, त्याचा हात धरून एवढेच सांगावे, "ढकलायचं नाही. तिला लागलं. ती उतरली की तुझी पाळी." पुन्हा ढकलले तर थोडा वेळ घसरगुंडी बंद. लांब उपदेश त्याच्या डोक्यात शिरत नाही. (आमच्या उपदेशांची गत मोठ्यांतही पुष्कळदा हीच होते.)

कोणी बंधू नीतिसूत्रांतील छडी काढतील. शिस्त हवी, हे आम्हांलाही मान्य आहे. पण मारल्याबद्दल मारले तर मोठ्याने लहानाला मारावे, इतकेच पोर शिकते. शिवाय त्या संध्याकाळचा धपाटा शिस्तीसाठी नव्हताच. तो बाकांवरच्या लोकांसाठी होता.

मार्काचे वचन पुन्हा वाचावे. शिष्यांनी दटावले ते मुलांना आणणाऱ्यांना, आणि त्यावर प्रभूला राग आला. शुभवर्तमानांत त्याच्या रागाचा उल्लेख वारंवार येत नाही. येथे तो आपल्याच माणसांवर आला आहे.

ही कथा आम्ही मंडळीतील दोन वयस्क भगिनींना सांगितली. त्यांनी जास्त काही विचारले नाही. आता त्या आठवड्यातून दोनदा त्या आईबरोबर बागेत जातात. एक घसरगुंडीच्या पायथ्याशी उभी राहते, तर दुसरी आईशेजारी बसते. मुलगा अजून ओरडतो, आणि गेल्या बुधवारी त्याने पुन्हा एकाला ढकलले. मात्र रविवारी आई उपासनेला आली होती. मुलगा दुसऱ्या बाकाखाली रांगत होता, आणि तिसऱ्या गीतापर्यंत कोणीही मागे वळून पाहिले नाही.