संपलेला माल

12 ऑगस्ट 2021 चा गुरुवार. कोलकात्याचे डिझायनर सब्यसाची मुखर्जी यांनी एचअँडएम या स्वीडिश कंपनीसाठी केलेले कपडे त्या दिवशी विक्रीला आले. सब्यसाचीचा लेहंगा म्हणजे नट्यांच्या लग्नाच्या फोटोत बघायची गोष्ट, किंमत लाखांत. इथे त्याच नावाची साडी 9,999 रुपयांना मिळणार होती. खरं तर हे सगळं 2020 च्या एप्रिलमध्येच व्हायचं होतं, पण टाळेबंदी आली आणि लोकांची उत्सुकता आणखी वर्षभर ताणली गेली. विक्री उघडली आणि काही मिनिटांत ऑनलाइन माल संपला. मागोमाग तेच कपडे, लेबलही न काढलेले, इन्स्टाग्रामवर चढ्या भावाने विकायला आले.

संपलेल्या कपड्याचा शोध कसा चालतो हे आता घरोघर माहीत आहे. आधी दुसरी साइज बघायची, टेलरकडून आत घालून घेता येईल का म्हणून. मग दुसऱ्या गावातल्या शाखेला फोन. मग त्या गावातली मावसबहीण, जिची एरवी फक्त दिवाळीला आठवण होते. मग स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर: ‘हीच, हाच रंग, कुठे दिसली तर घेऊन ठेवा, पैसे लगेच पाठवते.’ मग रात्री झोपण्याआधी पुन्हा तेच पान, कुणी परत केली असेल या आशेवर. शेवटी एखादी अनोळखी विक्रेती सापडते: न वापरलेली, मीडियम, फिक्स रेट, पैसे आधी. या शेवटच्या पायरीवर काही जणी फसतात आणि फसल्यावर कुणाला सांगतही नाहीत. कपड्यापायी फसलो हे सांगायची लाज वाटते.

याला हसणं सोपं आहे, पण मला ते हसू पटत नाही. ज्या मुलीने दरमहा थोडे बाजूला टाकून दहा हजार जमवले आणि एकदा तरी त्या नावाचं काही अंगावर यावं असं तिला वाटलं, तिची इच्छा साधी आहे. ज्यांच्या कपाटात खरा लेहंगा टांगलेला आहे त्यांनी तिला ‘ब्रँडच्या मागे लागलेली’ म्हणावं, हे जरा जास्तच होतं. नैतिक प्रश्न तिच्या हौसेत नाही. तो शोधायचा असेल तर साडी तिच्या हाती का आली नाही, हे बघावं लागेल.

पहिलं बोट अर्थातच त्या विक्रेतीकडे जातं. थिएटरबाहेर ब्लॅकने तिकीट विकणाऱ्याला आपण नावंही ठेवायचो आणि त्याच्याकडून तिकीटही घ्यायचो, तसंच हे. तिची बाजू अगदीच लंगडी नाही. ती म्हणेल, मी वेळेवर हजर होते, माझे पैसे गुंतवले, उद्या विकलं गेलं नसतं तर नुकसान माझंच होतं. घेणारी स्वखुशीने घेते. हे सगळं खरं धरलं तरी एक गोष्ट उरते. तिने साडी विणली नाही, छापली नाही, कुठून शोधून आणली नाही. ज्यांना जास्त परवडत नाही त्यांच्यासाठी म्हणून जे विकायला ठेवलं होतं, ते तिने फक्त त्यांच्या आधी उचललं आणि ज्यांना परवडतं त्यांच्याकडे सरकवलं. तिच्याकडून घेणारीही यात सामील असते. जास्त पैसे मोजून मिळालं की आपलं काम झालं असं वाटतं, पण पुढच्या विक्रीच्या वेळी ती विक्रेती चारऐवजी चाळीस पीस उचलते ते याच पैशांच्या भरवशावर.

तरीही सगळा दोष तिच्या माथी मारणं म्हणजे मोठ्या माणसाला सोडून त्याच्या गड्याला झापणं आहे. माल किती करायचा हे तिने ठरवलं नव्हतं.

1975 साली अमेरिकेत स्टीफन वॉर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. एकाच प्रकारची बिस्किटं. काहींना दहा असलेली बरणी दिली, काहींना दोनच असलेली. दोनवाल्यांना ती जास्त हवीशी वाटली, त्यांनी किंमतही जास्त सांगितली. बरणीत आधी भरपूर होती आणि ‘इतरांनी नेली म्हणून’ दोन उरली असं दाखवलं, तेव्हा तर ओढ सगळ्यात जास्त. गंमत म्हणजे चव जास्त चांगली आहे असं काही त्यांना वाटलं नव्हतं. कपड्याचा धंदा करणाऱ्यांना हे प्रयोगाआधीही ठाऊक असणार. ‘शेवटचा पीस आहे ताई’ हे वाक्य पुण्याच्या लक्ष्मी रोडवर कुठल्याही प्राध्यापकाने शिकवलेलं नाही.

बड्या डिझायनरकडून थोडे कपडे करून घ्यायचे, गाजावाजा करायचा आणि पाहता पाहता संपू द्यायचे, हा प्रकार एचअँडएमने नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू केला. पहिला मान कार्ल लागरफेल्ड यांचा. कपडे अनेक शहरांत काही तासांत संपले. आणि मग खुद्द लागरफेल्डच चिडले. एका जर्मन साप्ताहिकाला त्यांनी सांगितलं की कंपनीने माल फार कमी केला, लहान गावांतल्या लोकांना हात हलवत परत पाठवलं, हे बरं नव्हे. त्यांचं हे बोलणं मला आवडतं. त्याच मुलाखतीत त्यांनी दुसरी तक्रारही केली, की आपले कपडे मोठ्या मापांत का शिवले, आपण तर बारीक लोकांसाठी काढले होते! म्हणजे कपडे पुरेसे हवेत, पण सगळ्यांना होतील इतके नकोत. आपल्याकडच्या दुकानात एक्सएल मागितल्यावर विक्रेता ज्या नजरेने बघतो, तिचं मूळ किती वर आहे ते यातून कळतं.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. 2018 च्या सुरुवातीला याच कंपनीकडे न विकलेला माल पडून होता, त्याची किंमत 4.3 अब्ज डॉलर. आदल्या वर्षी स्वीडनमधल्या व्हेस्टेरोस गावच्या वीजकेंद्रात कोळशाऐवजी जाळायला या कंपनीचे टाकलेले कपडे येत असल्याची बातमी आली होती. बुरशी लागलेला किंवा सुरक्षेच्या नियमांत न बसणारा मालच जाळतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. कंपनीचं पहिलं दुकान 1947 साली याच व्हेस्टेरोसमध्ये उघडलं होतं. ब्रिटनच्या बर्बेरीने तर 2017-18 या एका वर्षात 2 कोटी 86 लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं आपल्याच वार्षिक अहवालात लिहिलं. नाव स्वस्त होऊ नये, माल सवलतीच्या दुकानांत दिसू नये, म्हणून. ओरड झाली तेव्हा 2018 च्या सप्टेंबरात त्यांनी हे बंद करत असल्याचं जाहीर केलं.

म्हणजे जगात कपडे कमी नाहीत. डोंगराएवढे पडून आहेत, आणि त्या डोंगरासमोर एका छोट्या टेबलावर ‘संपलं’ अशी पाटी आहे. टेबलाजवळ गर्दी जमते, गर्दीतली निम्मी माणसं रिकाम्या हाताने परतण्याऐवजी जाता जाता मागच्या डोंगरातलं काहीतरी उचलतात. टंचाईचं काम तिथे पूर्ण होतं.

भारतात टंचाईच्या या खेळाला थोडा चाप बसलाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार दिलेत, आणि पहिलाच आहे खोटी निकड निर्माण करणं: गोदाम भरलेलं असताना ‘फक्त दोनच उरले’ लिहिणं. चांगलं झालं. पण त्या साडीच्या बाबतीत हा नियम कुठे लागला असता? ती खरोखरच संपली होती. कंपनी खोटं काही बोलली नव्हती. संपावी इतकीच ती केलेली असते, आणि कमी माल करणं हा काही गुन्हा नाही. माझ्या मते अडचण नेमकी इथे आहे. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. जो मुद्दाम खरं घडवून आणतो त्याला कसं पकडायचं?

त्या गुरुवारची एक बाजू राहिलीच. विक्रीपाठोपाठ हस्तकलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी सब्यसाचींना खुलं पत्र लिहिलं. त्या कपड्यांवरची फुलं-वेलबुट्टी जयपूरजवळच्या सांगानेरची आठवण करून देणारी होती. तिथे छिपा समाजाची माणसं लाकडी ठसे रंगात बुडवून हाताने कापड छापतात. त्या छपाईला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. हे कपडे मात्र त्या हातांनी छापलेले नव्हते. पत्राचा सूर असा होता की जगभर भारतीय कारागिरीच्या नावाने विकलं, आणि कारागिराच्या पदरात काही पडलं नाही. सब्यसाचींचं उत्तर साधारण असं, की हातकामाला त्याची पूर्ण किंमत मिळायला हवी, ते स्वस्तात ओढू नये. त्यासाठी आपला मूळचा महागडा ब्रँड आहेच, आणि या उपक्रमाचा हेतू भारतीय डिझाइन जगापुढे नेण्याचा होता. उत्तर पूर्ण चुकीचं म्हणता येणार नाही. ठशाने छापलेली साडी यंत्राच्या वेगाने आणि भावाने मिळावी असं म्हणणं म्हणजे छापणाऱ्याच्या मजुरीवर डोळा ठेवणं.

पण मग एक गोष्ट विचित्र होते. हाताने केलेली वस्तू कमी असते, कारण हात दोनच असतात. येवल्यात पैठणी मागावर चढली की साध्या कामाला काही आठवडे आणि भरगच्च पदराला काही महिने लागतात; तिथे ‘नाही, थांबावं लागेल’ हे उत्तर ऐकून कुणी चिडत नाही. समोर माग दिसतो, विणणारा दिसतो, पदरावरचा मोर कालपेक्षा चार बोटं वर आलेला दिसतो. यंत्रावर छापलेल्या साडीचं तसं काही नाही. ती आणखी हजार काढायला कुणाच्या बोटांना फोड येणार नव्हते. हातकामाची नक्षी घेतली, यंत्राचा वेग घेतला, आणि वर हातकामाची दुर्मीळताही घेतली. कारागिराकडून घ्यायचं राहिलं ते फक्त काम.

संपण्याचा आणखी एक प्रकार असतो आणि त्याच्या शोधाला मी कधीच हौस म्हणणार नाही. मुंबईत खटाव गिरणीची व्हॉइल नेसणाऱ्या बायकांची एक पिढी होती. हलकी, धुऊन दोरीवर टाकली की तासाभरात वाळणारी, ऑफिसलाही चालणारी आणि घरीही. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि पुढच्या दशकांत गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. भायखळ्याच्या खटाव गिरणीचीही तीच गत झाली. आजही कुणी सत्तरीतली बाई दुकानात ‘तशी व्हॉइल’ मागते तेव्हा काउंटरवरचा मुलगा पॉलिस्टर मिसळलेलं काहीतरी पुढे करतो. त्याला दोष नाही, त्याचा जन्मही तेव्हाचा नाही. हा माल पुन्हा येणार का, असं ती विचारते. परत यायला कारखाना लागतो, कारखान्याला माणसं लागतात, आणि त्या जागांवर आता काय उभं आहे ते लोअर परळला उतरून कुणीही बघावं. तिथल्या मॉलमध्ये ज्या वस्तू ‘मर्यादित’ म्हणून विकल्या जातात, त्यांची मर्यादा कुठल्या तरी बैठकीत ठरलेली असते.

म्हणून मला वाटतं, ‘संपलं’ ही पाटी दिसली की शोधाला निघण्याआधी एक प्रश्न दुकानदाराला विचारायला हरकत नाही: केले किती होते? लाकडावर कोरून छापलेल्या चित्राखाली चित्रकार पेन्सिलीने आकडा लिहितो, पन्नासांतली ही सातवी. जुन्या मराठी पुस्तकांत आवृत्तीच्या पानावर प्रतींची संख्या छापलेली सापडते. पैठणी विणणारा तर तोंडीच सांगतो, वर्षाला माझ्या मागावर इतक्याच होतात. मग ज्या कंपनीला पीस कमी असल्याचा एवढा अभिमान आहे, तिने लेबलवर किंमत छापते तिथेच आकडा छापावा. पाचशे तर पाचशे, पन्नास हजार तर पन्नास हजार. त्यानंतर त्या अनोळखी विक्रेतीला पैसे पाठवायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. निदान आपण कोणाच्या हातांची किंमत मोजतोय आणि कोणाच्या हिशेबाची, हे माहीत असून ठरवता येईल.